धोट्याला हाक कशी मारायची

२० ऑक्टो. ९६
सुट्टी. भेस्तानला मंजुबेनकडून पिल्लू आणलं. बेन रिटायर नर्स. रस्त्यावरची पिल्लं सांभाळतात, घर मिळालं की देतात. बाप कुणाचा तरी पॉमेरियन, आई गल्लीतली. अर्धं अंग झुपकेदार, अर्धं आपल्यासारखं साधं. अट एकच: महिन्याने बघायला येणार, नीट नसलं तर परत नेणार. "एमां कोईनुं नहीं चाले, भाऊ." म्हणजे त्यात कुणाचं ऐकणार नाहीत.
रिक्षात मांडीवर झोपून घरी, लिंबायतपर्यंत आलं. बायको सुमन दारातच: "तुम्ही एक कमी व्हतात का?"

२३ ऑक्टो.
नाव धोटा. मागावर सूत घेऊन धावणाऱ्या धोट्यासारखाच, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दम म्हणून नाही. कारखान्यात नेला. सगळे माग धडधडत होते आणि पठ्ठ्या माझ्या पायाशी गाढ झोपला. भले भले कुत्रे तिथून शेपूट घालून पळतात. सगळ्यांना सांगत सुटलो, वाघ आहे वाघ.

९ नोव्हें.
दारासमोर सुतळी बॉम्ब फुटला. सुमनची करंजी हातातून निसटली, मलासुद्धा ऐकू आला! धोटा झोपलेला. कानही हलला नाही. सुमनने मागून ताट वाजवलं. काही नाही.
वाघ कसला. बहिरा आहे.
वीस दिवस कळलं नाही. कळणार कसं? तेवीस वर्षं माग चालवून माझे कान गेलेले. त्या आवाजात आम्ही कारागीर हातानेच बोलतो, तीच सवय घरी. सुमन मला जेवायलाही हातानेच बोलावते. धोट्यालाही तसंच बोलावत होतो. तो येत होता.
सुमन आधी हसली, मग रडली. "तुम्हले ऐकू येत नही, याले बी नही. मंग मी बोलू कोनासंगे?"

१० नोव्हें.
लक्ष्मीपूजन. मन लागलं नाही. बेनना कळलं तर नेणार. गल्लीत रिक्षांचा सुळसुळाट, त्यात बहिरं पिल्लू. सुमन म्हणते सांगू नका. पण नर्सबाई ती, दोन मिनिटांत ओळखेल. सांगणारच. चोरी केलीय का? मला बहिरा म्हणून हसतात ते कमी आहे, आता ह्याला बहिरा म्हणून परत पाठवू? मुळीच नाही. जीव लागलाय माझा.

१४ नोव्हें.
शिकवणी सुरू. कारखान्यातल्याच खुणा. पंजा वर: माग बंद, म्हणजे थांब. दोन बोटं: इकडे ये. पाठमोरा असला की पंचाईत. म्हणून दर चार पावलांवर वळून माझ्याकडे बघितलं की शेव. अर्धा किलो संपली. त्यातली थोडी मी.

१७ नोव्हें.
सुमनची अक्कल. घरात पाय आपटला. फरशी हादरली, धोटा वळला. म्हणे, "तुम्हले बी आतेपासून असंच बलावसू."

२० नोव्हें.
बेन आल्या. आल्या आल्या सांगून टाकलं. चेहरा पडला. "बहेरुं? तो मारे लई जवुं पडे." म्हटलं, न्या, पण आधी गल्लीत चला.
लांब दोरी, सैल सोडलेली. धोटा दहा पावलं पुढे. कोपऱ्यावरून रिक्षा आली. बेन ओरडल्या, "धोटा!" ओरडून काय होणार? पण त्याची पुढची चार पावलं झाली होती. वळला. माझा पंजा वर.
बसला! जिथल्या तिथे, रिक्षा निघून जाईपर्यंत. आख्खी गल्ली बघत होती. मालकाने इतक्या वर्षांत एकदा पाठ थोपटली नाही, आज मीच माझी थोपटली.
बेन चहा घेऊन गेल्या, पिल्लू न घेता. संक्रांतीला पुन्हा येतील, तेव्हा कायमचं ठरवू म्हणाल्या. ठरवा की.

२२ नोव्हें.
सुमन नळावर. मी घरी एकटा. धोटा माझा पायजमा धरून ओढायला लागला, थेट दारापर्यंत. उघडलं तर दूधवाला, दार बडवून बडवून वैतागलेला. पोराला फरशीतून कळलं असणार. एरवी मी बसून राहिलो असतो आणि तो निघून गेला असता. कितीदा असंच झालंय.
दूध आधी धोट्याला.
सुमनला सांगून ठेवलंय, संक्रांतीला बेन आल्या की तू उठायचं नाही. दार आम्ही दोघं उघडू.