रिकाम्या वर्गात माझा आवाज लावू नये

मी, राजानंद साहेबराव मगरे, वय सत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार शहागड, तालुका अंबड, जिल्हा जालना, आज पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दबावाशिवाय माझ्यामागची व्यवस्था या कागदावर लिहून ठेवीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. डॉक्टर माझेच विद्यार्थी. दाखल्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत, त्या तशाच ठेवल्या. कायद्याच्या कागदाला लाल पेन लावता येत नाही.

पत्नी ज्योत्स्ना सहा वर्षांपूर्वी वारली. एकुलता मुलगा धम्मपाल पुण्यात नोकरीला आहे.

कलम १. माझ्या खाटेखालचा मोठा टीव्ही माझा नाही, मी शिकवलं त्या आमच्या वस्तीवरच्या शाळेचा आहे. मागच्या जूनमध्ये शेवटच्या शिक्षकांची बदली झाली, तेव्हा ते चोरीच्या भीतीने टीव्ही आणि शाळेची किल्ली माझ्याकडे ठेवून गेले. नवे शिक्षक अजून आलेले नाहीत; येतील तेव्हा दोन्ही त्यांच्या हवाली करावं. अकरा मुलं हायवेच्या कडेने, ट्रक चुकवत, गावातल्या शाळेत जातात. दोघांनी जाणंच सोडलं.

मी यंत्राचा वैरी आहे असा समज कोणी करून घेऊ नये. ज्वालामुखी शिकवताना मी तीस वर्षं फळ्यावर त्रिकोण काढून शेंड्याला लाल खडू फासला. तो खराखुरा पाहिला तो याच टीव्हीवर, चौथीतल्या अक्षताच्या शेजारी बसून. माझ्या त्रिकोणाची मलाच लाज वाटली.

कलम २. माझा आवाज. ही माझी सर्वांत वादग्रस्त मिळकत.

माझा विद्यार्थी सुमित संभाजीनगरला मोबाइलवरचे धडे तयार करतो. गेल्या हिवाळ्यात आठ दिवस माझ्या घरी राहून त्याने चौथीचं गणित आणि मराठी माझ्याकडून बोलून घेतलं, वस्तीवरच्या पोरांना समोर बसवून. त्यावरून यंत्र माझा आवाज शिकलं. आता मी कधी न बोललेलं वाक्यही ते माझ्या आवाजात बोलतं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. त्या आठ दिवसांत या घरात दोघांचा चहा होत होता.

पण तयार धडे ऐकताना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मी विचारलं, "सुमित, माझं 'हं' कुठं गेलं?"

"सर, ते मधी मधी सारखं येऊन राह्यलं होतं. कचरा म्हणून साफ केलं."

त्याचा राग नाही, पण नोंद करतो. मूल पाढा म्हणतं, वाचतं, तेव्हा मास्तर 'हं' म्हणतो. एक 'हं' म्हणजे चल पुढे. लांबवलेलं 'हं' म्हणजे मागं बघ, चुकलास. आणि हलकं 'हं' म्हणजे शाबास. छत्तीस वर्षांत मी जे काही शिकवलं ते बहुतेक या एका अक्षरात होतं. बाकीचं पुस्तकात छापलेलंच होतं.

त्यानंतर धडे ऐकायला आलेले शिक्षण खात्यातले एक साहेब (नाव लिहीत नाही, त्यांना लेकरंबाळं आहेत) हसत हसत म्हणाले, "मगरे गुरुजी आता मेल्यावर बी शिकवतील. मंग तिथं नवीन माणूस कशाला पायजे?" सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझ्याच आवाजाने माझ्या शाळेचं दार बंद होणार असेल, तर तो आवाज घेऊन मी काय करू? उंटावरून शेळ्या हाकणारे आधीच कमी आहेत का?

शेजारच्या सोनूबाईंनी तर एका वाक्यात निकाल दिला : "गुर्जी, नातू मोबाइलला बघून राह्यलाय, पण मोबाइल त्याला बघतच न्हाई."

म्हणून लिहितो की, ज्या वर्गात जिता शिक्षक उभा आहे, त्या वर्गात माझा आवाज खुशाल लावावा, मोल घेऊ नये. जिथे शिक्षकाची जागा रिकामी आहे, तिथे तो एक मिनिटही लावू नये. सुमितने तशी लेखी कबुली दिली असून त्याने 'हं' परत घालायचंही कबूल केलं आहे.

कलम ३. घर. अंबडहून अप-डाऊन करणारे शिक्षक म्हणतात, इथे राहायला जागा नाही. ते खोटंही नाही. माझ्या दोन खोल्या, न्हाणी, अंगणातला लिंब, सगळं वस्तीवरच्या शाळेत जो शिक्षक किंवा शिक्षिका येऊन मुक्कामी राहील, त्याला बिनभाड्याने राहण्यासाठी. जागा आहे म्हटल्यावर माणूस पाठवा म्हणून भांडता तरी येईल. व्यवस्था रामकिसन तौर गुरुजींनी पाहावी. आमचं एका जनगणनेच्या ड्युटीवरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं, पण माणूस प्रामाणिक आहे.

कलम ४. धम्मपालने पाठवलेली बोलकी डबी त्याला परत द्यावी. "बाबा, एकटे असता, तिच्याशी बोलत जा," असं तो म्हणाला होता. बोललो. ज्योत्स्ना दवाखान्यात असतानाची एक गोष्ट डबीला पूर्ण सांगितली. डबी म्हणाली, "माफ करा, मला समजलं नाही." दिवसाकाठी या घरात मला मिळणारं उत्तर तेवढंच. मला फार एकटं वाटतं. हे मृत्युपत्रात लिहिण्यासारखं नाही, पण दुसरीकडे कुठे लिहू?

कलम ५. पुस्तकं, सायकल आणि बँकेतली शिल्लक धम्मपालची. माझ्या अंत्यविधीला त्रिसरण-पंचशील म्हणावं, भाषणं करू नयेत.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः मोठ्याने वाचला आणि दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : शहागड
दिनांक : १४ सप्टेंबर २०२५

सही : राजानंद साहेबराव मगरे

साक्षीदार :
१. रामकिसन तौर, निवृत्त शिक्षक
२. सोनूबाई खरात (सही, अंगठा नव्हे. बावन्नाव्या वर्षी शिकल्या.)

प्रत : चि. धम्मपाल, पुणे. मृत्युपत्र माणसाच्या मागे उघडतात, हे मला माहीत आहे. तुला मात्र ते आजच टपालाने पाठवतो आहे. घर तुला ठेवलं नाही, तेव्हा तुला राग येईल, यायलाच हवा. फोनवर भांडू नकोस. इथे येऊन भांड. आणि हे भांडण एका दिवसात मिटणारं नाही, चार दिवसांची रजा काढून ये.