खांदे उतरवण्याचा अभ्यासक्रम

१ जुलै, सोमवार

आजपासून शिथिलीकरण. संपूर्ण, शास्त्रशुद्ध आणि टप्प्याटप्प्याने.

कारण असे. ग्रंथालयातील माझे तात्पुरते पद महिनाअखेर संपते. ते कायम करायचे की नाही, हे बावीस तारखेला समिती ठरवणार आहे. त्यासाठी समितीपुढे उभे राहून ‘पुस्तकांची निगा’ या विषयावर बोलायचे आहे. बोलायचे! लिहून द्यायचे असते तर पुरवण्या जोडल्या असत्या.

पद गेले तर काकांच्या ट्रॅव्हल ऑफिसात काउंटरवर बसायचे, असे बाबांनी परस्पर ठरवून टाकले आहे. तेथे अनोळखी माणसांशी दिवसभर फोनवर हसून बोलावे लागते. नुसता विचार केला तरी खांदे वर जातात.

टेन्शन आले की ते जातातच. धाकटी म्हणाली की ताई, तुझे खांदे कानाला लागलेत, काय कुजबुजतायत ते आम्हालाही कळू दे. दुर्लक्ष केले. शाळेत पहिला नंबर कधी न सोडलेल्या व्यक्तीला स्वतःचे दोन खांदे खाली आणणे अवघड नसावे.

धोरण: आधी शरीर, नंतर भाषण. शिथिल देहातून भाषण आपोआप पाझरते. (वाक्य माझेच. चांगले जमले आहे.)

३ जुलै, बुधवार

मसाज आणि सेल्फ-केअर या विषयावरची ग्रंथालयातील सर्व पुस्तके माझ्या नावावर घेतली. सगळी नवीकोरी, अजून कोणी पान उलटलेले नाही. समाजाला स्वतःच्या मानेची पर्वा नाही, हेच यातून दिसते.

टिपणे काढली. तीन रंगांच्या शाईत.

पहिला धडा: हाताचा मसाज. तळहातावर तेल घ्यावे, अंगठ्याने गोलाकार दाब द्यावा, बोटे एकेक करून हलकेच ओढावीत. दर तासाला केल्यास उत्तम. पुस्तकात म्हटले आहे की तेल त्वचेत चटकन जिरते. जिरत असणार. छापील मजकुरावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण नाही.

टेबलाच्या खणात तेलाची बाटली ठेवली आहे.

भाषण: उद्यापासून.

५ जुलै, शुक्रवार

प्रात्यक्षिक. धाकटीला पालथे झोपवून तिच्या पाठीवर प्रेशर पॉइंट शोधले. पहिला सापडला तेव्हा ती किंचाळली. दुसरा सापडला तेव्हा आई धावत आली. तिसरा शोधू दिला नाही.

निष्कर्ष: तिच्या शरीरात फार ताण साठलेला आहे.

आईची तक्रार की हल्ली दाराची मूठ हातात ठरत नाही, नळ फिरत नाही, कप निसटतो. घरात मासा पाळल्यासारखे झाले आहे. मी तिला शांतपणे समजावले की पकड सैल होणे हेही ताणाचेच लक्षण असते. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. बहुधा पटले असावे.

भाषण: सोमवारी नक्की.

८ जुलै, सोमवार

धक्कादायक.

मसाजच्या नव्या पुस्तकाच्या पानावर तेलाचा डाग! ठसठशीत, अंगठ्याच्या आकाराचा. तोही नेमका ‘अंगठ्याचा वापर’ या प्रकरणात. दुसरे पुस्तक पाहिले. तेथेही. तिसऱ्यात तर चित्रातील बाईच्या पाठीवरच.

सुन्न झाले. खांदे वर. मनःशांतीसाठी लगेच हाताचा दुहेरी मसाज करावा लागला.

ज्याच्या हाताला तेल लागले आहे, त्याला आपल्या हाताला तेल लागले आहे हे कळू नये? माणसे इतकी बेभान कशी राहू शकतात?

तातडीने सूचना लिहून भिंतीवर लावली: ‘तेलकट हातांनी ग्रंथ हाताळणे हा ग्रंथांचा अपमान आहे.’ ग्रंथपाल मॅडमनी वाचली, मग माझ्याकडे पाहिले आणि आत गेल्या. हेलावल्या होत्या.

९ जुलै, मंगळवार

सूचनेच्या कागदावरच डाग. चारही कोपऱ्यांवर!

हे आव्हान आहे. गुन्हेगार रोज येथे येतो, माझ्या हालचालींवर नजर ठेवतो आणि मला हसतो.

संशयित: वाचनकक्षातले आजोबा. रोज येतात, खिडकीजवळ बसतात. डोक्यावर केस एकही नाही, पण डोके चकाकते. केस नसताना चकाकी कशाची?

आजपासून पाळत.

१२ जुलै, शुक्रवार

आजोबांशी थेट बोलण्याइतके धैर्य अद्याप नाही (शिथिलीकरण अर्ध्यावर आहे). म्हणून ते आले की मी त्यांच्यापुढे बशीत साबणाची वडी ठेवते आणि निघून येते. तीन दिवस ठेवली. ते प्रत्येक वेळी वडीकडे पाहतात, मग स्वतःचा सदरा हुंगतात.

आज त्यांनी मॅडमकडे गाऱ्हाणे केले. म्हणाले की बाई, मी दोन वेळा आंघोळ करून येतो, तरी ही मुलगी मला साबण दाखवते. आता काय उकळून घेऊ स्वतःला? मॅडमना ठसका लागला. पाणी मी दिले. पेला त्यांच्या हातातून निसटला. त्यांच्यावरही फार ताण आहे, बिचाऱ्या.

मॅडम नंतर मृदू आवाजात म्हणाल्या की अगं, डागांचे राहू दे, तू भाषणाचे बघ. मी म्हणाले की दोन्ही एकच आहे. हे उत्तर इतके चपखल होते की मीच थक्क झाले.

खरेच! भाषणाचा विषय पुस्तकांची निगा आणि पुस्तकांचा शत्रू माझ्या हाताशी. समितीपुढे डागांची पुस्तके मांडायची आणि गुन्ह्याचे विवेचन करायचे. भाषण तयार झाल्यातच जमा आहे. फक्त लिहायचे राहिले.

आनंदाच्या भरात बाटली संपली. मोठी आणली.

१५ जुलै, सोमवार

पाठीसाठी चेंडूचा व्यायाम. पाठ आणि भिंत यांच्यामध्ये रबरी चेंडू धरून वरखाली व्हायचे. भिंत मोकळी नसल्याने कपाट वापरले. इतिहासाचे. चेंडू मणक्यालगत असा काही बसला की डोळे मिटले गेले. आणखी जोर दिला. पलीकडच्या बाजूने दोन साम्राज्ये आणि एक महायुद्ध खाली कोसळले.

पलीकडे आजोबा. लागले नाही. परंतु त्यांनी हात जोडले आणि म्हणाले की बाई, साबण दे, मी हात धुतो, पण मला जगू दे.

हा जवळजवळ कबुलीजबाब आहे. नोंदवून ठेवते.

१८ जुलै, गुरुवार

आज व्यावसायिक मसाज. मसाज सेंटरला फोन धाकटीने केला, कारण फोनवर मला आवाज येत नाही. म्हणजे माझा.

अरुंद टेबल, त्याला चेहऱ्यासाठी भोक. मसाजवाली म्हणाली की ताई, अंग सैल सोडा. सोडले. ती म्हणाली की सोडा. मी म्हणाले, सोडलेय. तिने खांद्यावर बोट वाजवले आणि आतल्या खोलीतल्या मैत्रिणीला हाक मारली की ये गं, जरा बघून जा, टेबलावर टेबल झोपलंय.

मग श्वास सोडा म्हणाली. सोडला. पुढची सूचना येईना. विचारल्यावाचून घ्यावा कसा? अखेर तीच ओरडली की अहो, घ्या आता, मराल!

तिने बरगड्यांना हात लावला आणि अनपेक्षित घडले. मला गुदगुल्या होतात. पुस्तकांत याचा उल्लेख नाही. मी हसले. आधी सभ्यपणे, नंतर टेबल हलले, चादर गेली, भोकातून डोके निघेना आणि मी भोकातच हसत राहिले. मसाजवालीही हसू लागली. मैत्रीण भिंतीला टेकली. बाहेर थांबलेली बाई म्हणाली म्हणे की मी पुन्हा कधीतरी येईन, आणि गेलीच.

मूल्यमापन: हास्य हे शिथिलीकरणाचे सर्वोच्च रूप. प्रथम श्रेणी, विशेष प्रावीण्यासह.

निघताना मसाजवाली म्हणाली की ताई, मसाज राहू द्या, तुम्ही फक्त कुणाबरोबर तरी हसत जा. व्यवसायातल्या माणसाने इतके ढोबळ बोलावे, याचे नवल वाटले.

२१ जुलै, रविवार

उद्या भाषण. परीक्षेच्या आदल्या दिवशी अभ्यास करू नये, असे सर्वच तज्ज्ञ सांगतात. म्हणून केला नाही. गरम पाण्यात पाय, डोळ्यांवर काकडी, कपाळाला तेल, हातांना दोन थर.

एका पानाचे निवेदन मात्र टाइप केले आणि समितीसाठी प्रती काढल्या.

बाबा दारात उभे राहून म्हणाले की काका विचारत होते, खुर्ची फिरती आणू की साधी. मी काकडीआडून म्हणाले की बाबा, तुमची मुलगी उद्या कायम होणार आहे. ते म्हणाले, तुझ्या तोंडात साखर पडो, पण आधी त्या काकड्या काढ, मला तुझ्याशी बोलतोय असं वाटत नाहीये.

२२ जुलै, सोमवार, सकाळी

खांदे खाली. पूर्णपणे! आरशात मान दिसली. लांब आहे की! धाकटीने पेन्सिल ठेवून पाहिली, खांद्यावरून घरंगळली. आई म्हणाली, छान दिसतेस गं, आणि माझा हात हातात घेतला. निसटला.

२२ जुलै, दुपारी

जे घडले ते क्रमाने लिहिते.

समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश आहेत. शेजारी मॅडम. टेबलावर मी डागांची सारी पुस्तके मांडली. निवेदनाच्या प्रती दोघांना दिल्या. आणि बोलले. खरेच बोलले! आवाज आला. गुन्हेगाराचा निष्काळजीपणा, आत्मवंचना, सार्वजनिक वस्तूविषयीची अनास्था, काहीच सोडले नाही. म्हणाले की अशी व्यक्ती आरशात पाहूनही स्वतःला ओळखणार नाही. मॅडमनी कपाळावर हात ठेवला. मला वाटले, भारावल्या.

अध्यक्ष म्हणाले की वा, पुरावा भक्कम आहे. मग त्यांनी माझे निवेदन उजेडाकडे धरले. कडेला दोन जागी कागद पारदर्शक झाला होता. त्यातून त्यांचा डोळा दिसत होता. तो कागद त्यांनी पुस्तकातल्या डागावर ठेवला. सरकवला. जुळवला. म्हणाले की हा अंगठा आणि तो अंगठा सख्खी भावंडं दिसतात.

मी म्हणाले की म्हणजे त्याने माझ्या बॅगेलाही हात घातला!

अध्यक्षांनी मॅडमकडे पाहिले.

मॅडम म्हणाल्या की अगं, ही पुस्तकं ग्रंथालयात आल्यापासून तुझ्याशिवाय कुणाच्याही नावावर गेलेली नाहीत. मी तुला हे सांगायला तीनदा तुझ्या टेबलाशी आले, तीनही वेळा तू डोळे मिटून बोटं ओढत होतीस.

मी हातांकडे पाहिले. चकाकत होते.

मग खांदे वर गेले. इतके वर, की मॅडमचे पुढचे वाक्य नीट ऐकू आले नाही. आणि नेमके तेव्हाच, अध्यक्ष आपला अंगठा रुमालाला पुसत असताना, मला हसू आले. भोकातले हसू. थांबेना. आजोबांचा साबण आठवला, आणखी आले. अध्यक्ष म्हणाले की न्यायालयात इतका आनंदी आरोपी मी पाहिला नाही, आणि तेही हसू लागले. मॅडम रुमाल तोंडात धरून खिडकीकडे वळल्या.

हे भाषण अविस्मरणीय झाले, यात शंका नाही. निकाल उद्या. आशावादी आहे.

२३ जुलै, मंगळवार

कायम नाही.

बाहेरचे कोणीतरी येणार. त्याला बोलताही येते म्हणे.

मात्र मॅडमच्या शब्दावरून मला मुदतवाढ आहे. डाग निघेपर्यंत. समितीच्या ठरावात अगदी असेच लिहिले आहे: ‘सर्व डाग निघेपर्यंत.’ हात दररोज मॅडमना दाखवायचे. बाटली मॅडमच्या कपाटात जमा.

बाबांनी काकांना कळवले की खुर्ची आत्ता नको, पण ऑर्डर रद्दही करू नकोस.

३० जुलै, मंगळवार

काम तळघरात. पानावर पावडर भुरभुरायची, कापसाच्या बोळ्याने हलक्या हाताने गोल गोल फिरवायचे, दाब न देता. पान विश्रांतीला ठेवायचे. मग पुन्हा. तेल सावकाश वर येते.

काम संपले की नोकरी संपली. तरी हात घाई करतो. एक पान आज अगदी स्वच्छ झाले. मी ते बराच वेळ बघत बसले आणि मग लक्षात आले की एक दिवस कमी झाला.

आजोबांना आज ‘नमस्कार’ म्हणाले. तोंडाने. ते दचकले, खिसे चाचपले, मग म्हणाले की बस, एवढंच? मी हो म्हणाले. ते म्हणाले की मग रोज म्हणत जा की, साबणापेक्षा स्वस्त पडेल.

संध्याकाळी मॅडम खाली आल्या. मान चोळत होत्या. म्हणाल्या की दिवसभर मान धरली आहे गं, तुला काही उपाय ठाऊक आहे का?

माझे दोन्ही हात पावडरीत होते. मी म्हणाले, नाही मॅडम, मला त्यातले काही कळत नाही.