दाराशी मांडलेल्या चपला

प्रिय आई,

चीनमधून तुह्या सुगतचा जयभीम. मी बरा हाये, दोन टाईम पोटभर जेवतो. बाबाचा गुडघा कसा हाये?

कारखान्यात मशीनची देखरेख माह्याकडं हाये. रोज हजारेक फ्रिज निघतात अन् जहाजानं अमेरिकेले जातात. तिकडचे असे कारखाने कवाचेच बंद पडले म्हणे, पन घेणारे लय. इथं बनवणारे लय, घेणारं कोनी नाई. माह्यासोबतची लिनबाई दिवसभर फ्रिज पॅक करते अन् घरची कोबी थंडीत खिडकीबाहेर टांगते. फ्रिज काहून घेत नाई विचारलं त, उद्या दवाखाना लागला त कोन पाहीन, म्हणते.

तिनं आजवरची सारी कमाई लेकासाठी माह्याच बिल्डिंगीतल्या एका फ्लॅटात घातली. बत्तीस मजले हायेत, राहणारी घरं पाच. जिन्यात खोकललं त वरून कोनीतरी खोकलल्यासारखं वाटते.

रविवारी तिच्यासोबत तो फ्लॅट पाहाले गेलो. दाराशी घरात घालाच्या कोऱ्या चपला मांडल्या होत्या, लेकाच्या, सुनेच्या, नातवाच्या. ते दूरच्या शहरात कारखान्यात हायेत, सात वर्षांत इथं आले नाईत. नातवाची चप्पल ती दरसाल एक नंबर मोठी आणून ठेवते.

माहं काम अजून तीन वर्षं वाढलं. पगारही वाढला.

अकोल्याच्या आपल्या नव्या फ्लॅटचा फोटो भेटला. फरशी चांगली चमकून राहिली. पन आई, दाराशी माही चप्पल काहून ठेवली? घर रिकामं ठेवू नको, रागिणीमावशीले तिथं राहाले बोलाव. अन् ती चप्पल आजच उचल.

तुहाच,
सुगत