कोऱ्या बाटल्या

जहाजावरून, ३ मार्च

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल मिळालं. इथे फोन लागत नाही. आम्ही टंकून दिलेली पत्रं संपर्क अधिकारी दिवसातून एकदा पाठवतो आणि आलेली छापून, घडी घालून, जेवणघरातल्या फळ्यावर टाचतो. मी माझी घडी खिशात घालून खोलीवर आणते. खोलीत कुणी नसतं. सोबतीण आहे, पाण्याचे नमुने खेचणाऱ्या पंपावर काम करते. पण तिची पाळी संपते तेव्हा माझी सुरू होते. अठरा दिवसांत आमचं बोलणं झालं ते एकदाच, दारात, ओल्या टॉवेलवरून. बाकी तिची ओळख म्हणजे उशीवरचा खळगा.

तुम्ही विचारलंत, नेमकं करतेस काय. इथलं पाणी निळंशार आहे, म्हणजेच उपाशी आहे. समुद्रातही हिरवळ असते, डोळ्यांना न दिसणारी. मासे शेवटी तिच्याच जिवावर जगतात. तिला लागणारं नायट्रेटचं खत या पाण्यात भरपूर आहे, तरी ती वाढत नाही. आमच्या प्रमुख बाईंच्या मते लोह कमी पडतं. किती? चिमटीला चिकटलेल्या धुळीहूनही कमी. म्हणून बारा बाटल्या भरल्या आहेत. सहांत लोहाचा थेंब, सहा कोऱ्या. सहा दिवस त्या डेकवरच्या वाहत्या पाण्याच्या टाकीत राहणार. लोहाच्या हिरवट झाल्या आणि कोऱ्या तशाच राहिल्या, तर बाईंचं खरं. राखण माझ्याकडे आहे. नीट पार पडली तर पुढच्या वर्षीच्या सफरीत माझी जागा पक्की.

गंमत बघा, अख्खं जहाज लोखंडाचं, आणि त्यावर बसून आम्ही लोखंडाच्या एका कणाला भितो. केसातल्या पिनाही काढायला लावल्या. वेणीला दोरा बांधते. तोंड बांधलेल्या पोत्यासारखी दिसते.

गुडघ्याला तेल लावता ना? आहे तो लोभ तसाच ठेवावा, वाढवायला जागा उरली नसली तरी.

तुमची,
खातरी

*

घरून, ५ मार्च

चि. खातरीबाई हिस अ. उ. आ.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा चष्मा सापडल्यावर.

इकडे सर्व ठीक. तू गेल्यापासून गॅस बंद आहे की नाही ते एकदाच पाहतो. तीनदा पाहण्याचं खातं तुझ्याकडे होतं. दुरुस्तीला घड्याळं कमीच येतात. शाळेच्या हेडमास्तरांचं आलं आहे, दहा मिनिटं पुढे धावतं. त्यांना मुलं वेळेवर येत नाहीत असं वाटत होतं, बिचारी मुलं!

खालची शिंपीणबाई परवा विचारत होती, एकटे कुणाशी बोलता. म्हटलं, रेडिओशी, पण तो आपलंच चालवतो, दुसऱ्याचं ऐकत नाही. ती हसली आणि वाटीभर भाजी देऊन गेली. पुरली दोन वेळा.

बाटल्या सांभाळ. त्याहून स्वतःला सांभाळ. जेवतेस का ते लिहिलं नाहीस, तेव्हा जेवत नसावीस.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
बाबा

*

जहाजावरून, ७ मार्च

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

आज सहावा दिवस. बाटल्या काढल्या. बाराच्या बारा हिरवट.

प्रमुख बाई उलट आनंदात आहेत. म्हणाल्या, आपलाच अंदाज चुकला, लोह कमी नाहीच. कोऱ्याही वाढल्या, म्हणजे हिरवळीला दुसऱ्याच कशाची तरी उणीव होती आणि ती बाटलीत कशी भरून निघाली हे आता शोधायचं. जेवणघरात त्यांनी सगळ्यांना सांगितलं. माझ्या पाठीवर थाप मारली. बाबा, मी ताट तसंच ठेवून उठले.

कोऱ्या बाटल्या मी नासवल्या. झाकण घट्ट आहे ना, हे पाहायला मी रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक झाकण जरा सैल करून पुन्हा आवळत होते. आवळलं की दहा मिनिटं बरं वाटायचं. सहा बाटल्या, सहा दिवस, दिवसातून दोनदा. बहात्तर वेळा. आणि टाकीपासून चार हातांवर खलाशी कठड्याचा गंज खरवडत होते. लाल भुकटी माझ्या बाहीवर दिसायची. मी ती झटकायची आणि पुन्हा झाकणाला हात लावायची.

चालतं घड्याळ उघडून पाहू नये, आत धूळ जाते, हे तुम्ही मला अक्षरओळखीच्याही आधी शिकवलंत. ते आठवलं नाही असं नाही. आठवत होतं, तरी हात जात होता.

कुणी पाहिलेलं नाही. बोलले नाही तर खोटी गोष्ट खरी म्हणून छापली जाईल आणि माझं नाव तिच्याखाली असेल. बोलले तर सगळ्यांचे हे दिवस पाण्यात, आणि माझी पुढची जागाही. बाई परवा सकाळी अहवाल पाठवणार आहेत. काय करू ते लवकर लिहा. इथे विचारायला कुणी नाही.

तुमची,
खातरी

*

घरून, ८ मार्च

चि. खातरीस अ. उ. आ.

काय करायचं ते तुला माहीत आहे, नाहीतर एवढं लिहिलं नसतंस. माझ्याकडून फक्त शिक्का हवा आहे. मी तो देणार नाही. आयुष्यभर मीच देत आलो, तिथेच चुकलं.

एक गोष्ट सांगतो, ती तुझ्या कामाची नाही, माझ्या मनाची आहे. पाचवीपर्यंत तुला घरीच शिकवलं. लोकांना सांगितलं, शाळा लांब आहे. शाळा दोन गल्ल्या पलीकडे होती. तुझी आई गेल्यावर तू दिसली नाहीस की माझे हात कापायचे, आणि घड्याळजीचे हात कापले तर पोट कसं भरायचं? म्हणून तुला टेबलापाशी बसवली. तू वर्गात जशी वाढली असतीस तशी वाढलीस की नाही, ते आता कुणालाच कळणार नाही. झाकणं उघडण्याची खोड तू माझ्याकडूनच उचललीस. दोष द्यायचा तर निम्मा इकडे पाठव.

आणखी एक. तुझ्या संस्थेचं पत्र आलं आहे. तुझ्या नावचं होतं, तरी फोडलं. बघ, ती खोड अजून सुटली नाही. कामाजवळची खोली देतो म्हणून त्यांनी तुला तिसऱ्यांदा विचारलं आहे. पहिली दोन पत्रं तू मला दाखवलीच नाहीस.

तिकडे जेव.

बाबा

*

जहाजावरून, २१ मार्च

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र फळ्यावर लागलं तेव्हा मी बाईंच्या दारात उभी होते. सांगून बाहेर आल्यावर वाचलं.

बाई ओरडल्या नाहीत. लोहाच्या बाटल्याही उघडल्या होत्या का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, त्यांची मला काळजी वाटत नव्हती. मग म्हणाल्या, ज्यांना काही होऊ नये असं वाटलं त्यांनाच नेमकं नासवलंस. अहवालात तसं लिहायला लावलं, माझ्या शब्दांत, माझ्या सहीनं.

पुढच्या ठिकाणी सहाच बाटल्या भरता आल्या, तीन आणि तीन. राखण सोबतिणीला दिली. मला टाकीच्या बाजूला जायचं नाही असं ठरलं. सहा दिवस मी खाली गाळण्या धुतल्या. जेवणघरात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. कुणी रागावलं होतं असं नाही, काय बोलावं हे त्यांनाही कळत नसावं. रोज संध्याकाळी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत जायची आणि परत यायची. हात खिशात.

काल बाटल्या काढल्या. लोहाच्या तीन हिरव्या. कोऱ्या तीन काचेसारख्या. बाईंचं खरं होतं. सोबतिणीनं मुद्दाम खाली येऊन मला सांगितलं, आणि टॉवेलचा विषय काढला नाही. पुढच्या वर्षीची जागा तिला मिळाली. तिनं ती कमावली, म्हणून वाईट वाटतं ते गिळावं लागतं.

तुम्ही मागितलेला निम्मा दोष पाठवत नाही. हात माझेच होते. शाळेचं म्हणाल तर मला आठवतं ते टेबलाखालचं ऊन आणि तुमचे पाय. त्याबद्दल आणखी काय वाटतं, ते अजून मला नीट लिहिता येत नाही. येईल तेव्हा लिहीन.

संस्थेला मी खोलीसाठी होकार कळवला आहे. अठ्ठावीसला जहाज लागेल. धक्क्यावर येऊ नका. सामान घेऊन मी तिथूनच खोलीवर जाईन. पहिले काही दिवस तुम्हाला जड जातील, मलाही जातील. पत्र नाही आलं तर मी कामात आहे असं समजा.

रविवारी येईन. बेल वाजवीन. दाराशी येऊन उभे राहू नका; गुडघा सांभाळून, सावकाश उठा. मी थांबेन.

तुमची,
खातरी