तुरटीच्या पाण्यातले झगे

सिस्टर,

शनिवार, १४ डिसेंबर २०१३, संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. नवीन पनवेलच्या एका हॉलमध्ये माझ्या नातीच्या डान्स क्लासच्या मॅडमनी माईकवरून जाहीर केलं की एका आजींच्या गैरसमजामुळे पुढचा नाच दिव्यांशिवाय होईल, सर्वांनी समजून घ्यावं. लोक हसले. त्या आजी म्हणजे मी. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण या सगळ्याचं मूळ तुमच्यात आहे, म्हणून पहिली तक्रार तुमच्याकडे. आम्ही मराठीत बोललो की तुम्ही बाकावर उभं करायचात, म्हणून ती मुद्दाम मराठीत लिहिते आहे. स्वयंपाकिणीला रागावण्यापुरतं मराठी तुम्हाला येत होतं, तेवढं इथे पुरेल.

कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगचं ते स्वयंपाकघर अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. गॅदरिंग जवळ आलं की तुम्ही वरणाचं मोठं पातेलं ताब्यात घेता, त्यात तुरटी विरघळवता आणि आमचे पऱ्यांचे झगे एकेक करून बुडवता. झगे मच्छरदाणीच्या सुती कापडाचे. दोरीवर वाळले की कुरडईसारखे कडक होतात, पांढरे राहत नाहीत, गुडघ्यांना खरचटतात. आम्ही कुरकुरलो की तुमची गोष्ट सुरू. तुमची आजी पॅरिसला एका थिएटरच्या शिवणघरात होती. त्या काळी रंगमंचाच्या कडेला गॅसच्या उघड्या ज्योती असत आणि नाचणाऱ्या मुलींचे घोळदार झगे इतके तलम, की त्या हवेत तरंगतात असं लोकांना वाटावं. उंची पोशाखातले सावकार विंगेत उभे राहून त्यांना न्याहाळत, मुलींच्या आया कोपऱ्यात बसून सावकारांना न्याहाळत, आणि ज्योतींकडे कोणाचंच लक्ष नसे. कापड पेटू नये म्हणून तुरटीसारख्या द्रावणात बुडवायची युक्ती निघालेली होती, वरून तसा हुकूमही होता. पण कापड कडक होतं, मळकट दिसतं, म्हणून मुलीच नको म्हणायच्या. त्यांच्यातल्या सगळ्यांत गुणी मुलीचा झगा तालमीतच पेटला. ती लगेच गेली नाही, कित्येक महिने तळमळून गेली. एवढं सांगून तुम्ही शांतपणे पुढचा झगा पातेल्यात सोडायचात. आठ वर्षांच्या पोरींना ही गोष्ट कोण सांगतं?

आता माझ्या नातीचं ऐका. क्लास दुकानांच्या वर, बॅले आणि बॉलिवूड एकाच शुल्कात. या वर्षी मॅडमना 'वेस्टर्न बॅले, इंडियन टच' सुचलं: नायलॉनच्या जाळीचे भाड्याचे झगे आणि हातात तेलाच्या पेटत्या पणत्या. मी क्लासचा जिना चढून जाऊन सांगितलं की सेलवरच्या पणत्या मिळतात, त्या द्या.

"काकू, फोटोत खोटं दिसतं ते," मॅडम म्हणाल्या. "दोन मिनिटांचा तर डान्स. चिल."

मला कोणी चिल म्हटलं की माझं डोकं तापतं. पण घरात वाद नको म्हणून मी तुमचा उपाय केला. आदल्या दुपारी विचुंब्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये बादलीभर पाण्यात तुरटी विरघळवली आणि नातीचा झगा बुडवून गॅलरीत वाळत घातला. सून ऑफिसातून आली, झगा झटकला, तर पांढरी भुकटी उडाली. "आई, याच्यावर मीठ सांडलं का?" मला शंका आली. शिवणीच्या आतल्या जाळीचा एक तुकडा कापून मी गॅसवर धरला. तो आक्रसला, वितळला आणि काळे पेटते थेंब ओट्यावर गळले. सिस्टर, नायलॉन तुरटी पीतच नाही. तुमचा उपाय सुती कापडाचा होता. पॅरिसपासून पातेल्यापर्यंत सगळं सांगितलंत, एवढं सांगायचं राहिलं.

ओट्यावरचे डाग मी मुलाला दाखवले. तो म्हणाला, "आई, त्या सिस्टरने तुला जन्माची घाबरवून ठेवलीये." सून म्हणाली, महिनाभर तालीम केलीये पोरीने, आता कसं थांबवायचं? मॅडमनी फोन उचलला नाही. तेव्हा मी जे केलं ते केलं. शनिवारी संध्याकाळी विंगेत मुली पेटत्या पणत्या घेऊन रांगेत उभ्या होत्या, पुढचीचा घेर मागचीच्या ज्योतीला लागेल इतक्या जवळ. मी रांगेतून गेले आणि सगळ्या पणत्या फुंकल्या, काडेपेटी पर्समध्ये टाकली. माईकवर माझी शोभा झाली आणि पडदा वर गेला. बाकीच्या मुली विझल्या पणत्या घेऊन नाचल्या. माझी नात मधोमध उभी राहून रडली.

बाहेर आले तर एक गृहस्थ आडवे आले. "आजी, आमी गव्हाणशी गाडी करून आलो पोरीचा नाच बघाला, नि तुमी दिवंच इझवलं. काय पेटला नाय, काय नाय."

तेच तर. काही पेटलं नाही, म्हणून मी वेडी. पेटलं असतं तर मी शहाणी ठरले असते, पण ते शहाणपण कोणाला हवं होतं? तुमच्याही इतक्या वर्षांत एकही मुलगी भाजली नाही, म्हणून आम्ही पाठीमागे तुम्हाला 'तुरटीबाई' म्हणायचो. ही टवाळी तुम्ही कशी सोसलीत, हेही कधी बोलला नाहीत. मुलगा अजून म्हणतो, काही झालं नसतं. खरं सांगू? कदाचित झालंही नसतं. हे मी त्याच्यासमोर कबूल करणार नाही.

आता सोसायटीने २६ जानेवारीच्या कार्यक्रमात तोच नाच ठेवलाय. तेच झगे, त्याच पणत्या, मॅडमची जिद्द आहे. नात काल माझ्याजवळ आली, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. "आजी, या वेळी तू येऊ नकोस हं." मी बरं म्हटलं. ती लगेच माझ्या मांडीवर बसली, वेणी घालून घेतली.

मी जाणार आहे. बादलीत पाणी भरून ठेवणार, घोंगडी घेऊन विंगेत उभी राहणार. फुंकर मारायची की नाही, ते मला ठरवता येत नाहीये. मारली तर ती पोर पुन्हा माझ्याजवळ येणार नाही. नाही मारली तर काय होईल, ते तुम्ही मला आठव्या वर्षीच सांगून ठेवलंय.

तुमचा पत्ता मला ठाऊक नाही, तेव्हा हे पत्र कपाटातच राहणार. तरीही २५ जानेवारीच्या संध्याकाळच्या आत मला लेखी उत्तर हवं आहे. मुदत वाढवून मिळणार नाही.