रविवारी आलेला पाहुणा

प्रिय ठकीच्या बाबा,

रविवारी तू आलास, पॅनकेक खाल्लेस आणि गेलास. नीट बोलणं झालं नाही, म्हणून आज शाळेतून आल्या आल्या, साडीसुद्धा न बदलता लिहायला बसले आहे. तू बरा दिसत होतास. पोट थोडं सुटलंय, पण तुला शोभतं. नव्या बायकोच्या हाताला चव असणार.

आमच्या रविवारात फारसा फरक पडलेला नाही, ते तू पाहिलंसच. ठकी सकाळीच माझं पांघरूण ओढते. मैदा ती चाळते, अंडी ती फोडते, टरफलाचे तुकडे मी बोटाने वेचून काढते. तवा तापेपर्यंत माझा भाऊ टेबल पुसतो आणि घट्ट झालेल्या मधाची बाटली गरम पाण्यात उभी करतो. तू होतास तेव्हा हे सगळं तूच करायचास. पॅनकेक हवेत उडवायचास, आम्ही दोघी टाळ्या पिटायचो, आणि खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागायचं. तू घर सोडलंस तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी ठकीने मैदा चाळून ठेवला आणि दुपार टळेपर्यंत मला तवा चढवू दिला नाही. त्यानंतर कितीतरी रविवार आम्ही दुधात पाव बुडवून खाल्ला. ठकीचा मामा राहायला आला, तेव्हा कुठे पुन्हा पीठ भिजायला लागलं.

मग तुझा फोन आला. परदेशी निघालोय, कायमचाच म्हण, जाण्याआधी एकदा पोरीला डोळे भरून बघतो, असं म्हणालास. मी म्हटलं, ये की, रविवारी न्याहारीलाच ये. माझा आवाज इतका गोड कसा, याचं तुला नवल वाटलं असेल.

तू आलास, बाह्या सरसावल्यास आणि कोपऱ्यावरून भाजी घेऊन परत आल्यासारखं माझ्या हातातलं उलथणं घेतलंस. पॅनकेक उडवलास. तो अर्धा शेगडीवर आणि अर्धा फरशीवर पडला. कुणी हसलं नाही. ठकीने खाली बसून तो कागदाने उचलला, कचऱ्यात टाकला, हात धुतले आणि तुझ्याकडे वळून म्हणाली, "काका, तुम्ही बसा. पाहुण्यांनी काम करायचं नसतं."

तू गुमान बसलास. तिने तुला मध वाढला, नॅपकिन दिला, आणखी एक घेणार का म्हणून विचारलं. तू नको म्हणालास. मग ती मामाच्या बशीतलं लोणी पळवत बसली, तुझ्याकडे वळलीसुद्धा नाही. तुझ्या बशीत अर्धा पॅनकेक तसाच राहिला. मी मात्र त्या दिवशी पोटभर जेवले.

शाळेतली नाटकं मीच बसवते, हे तू विसरलास. ते वाक्य माझं होतं. तुझा फोन आला त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी तिची तालीम घेतली. 'काका' म्हणताना तिचा आवाज चिरकायचा, म्हणून तेवढाच शब्द पुन्हा पुन्हा म्हणून घेतला. हा खेळ आहे, असं तिला सांगितलं होतं. 'तू चोख केलंस तर बाबांना गंमत वाटेल आणि ते इथेच राहतील,' असंही.

हे तुला कळवायचं माझ्या मनात नव्हतं. तू पोळून निघावास, एवढंच हवं होतं. पण मामा तुला खाली सोडायला आला, तेव्हा तू त्याला म्हणालास, "बरं झालं, विसरली ती. आता मी मोकळ्या मनाने जातो." त्याने वर येऊन मला ते जसंच्या तसं सांगितलं. मी तुला शिक्षा दिली, आणि तू त्यातून स्वतःची सुटका करून घेतलीस. ते मला सोसवत नाही. म्हणून हे पत्र. ती विसरलेली नाही. तू जिना उतरलास तशी तिने मला विचारलं, "मी चुकले का गं? बाबा हसले का नाहीत?" मग बाथरूममध्ये जाऊन खाल्लेलं सगळं ओकली. उद्या सकाळी तुझं विमान आहे. हे पत्र मामा आजच तुझ्या हातात देईल. तिकीट बदलता येत नाही, हे तूच सांगितलंस. तेव्हा जा. पण मोकळ्या मनाने जाऊ नकोस.

तुझीच (सवयीने लिहिलं गेलं, खोडत नाही),
ठकीची आई