बाई उभ्या राहिल्या

८ जून २०२०, सोमवार

वेशीवरच्या बाभळी काढल्या एकदाच्या! सकाळी जेसीबी आला आणि काटे, पाइप, दगड सगळं बाजूला सारलं. हे बघायला गेले आणि तासाभरानं परत आले ते तंबाखूची पुडी घेऊन. म्हणजे दुकानही उघडलं.

लगेच पुण्याहून दीपकचा फोन. "आई, सरकारनं उघडलं म्हणून तुम्ही दोघांनी उघडायचं नाही. साठच्या वरच्यांनी घरातच बसायचंय." पोटचा पोरगा, पण बोलतो तहसीलदारासारखा. "हो रे बाबा" म्हणाले, फोन ठेवला आणि आम्ही दोघं कालव्यापर्यंत चालून आलो. मास्क लावून. काय करायचं ते करू दे त्याला!

१० जून

सलून बंदच. ह्यांचे केस मी कापले. मागं पायऱ्या पडल्या. आरशात मागचं दिसत नाही, हे बरं.

५ जुलै, रविवार

आज पुन्हा दुपारी दोघं शेजारी बसून जेवलो. वांग्याची भाजी, भाकरी, कांदा. एवढी वर्षं लग्नाला झाली पण हे सुख आम्हाला कधी मिळालंच नव्हतं. ह्यांची एसटी. कधी इंदापूर मुक्कामी, कधी सोलापूर, कधी गाडी बिघडली म्हणून टेंभुर्णीला. माझी इथली शाळा. मी डबा खायची वर्गात, हे खायचे स्टँडवर. रिटायर झालो तरी हे शेतात, मी कुणाच्या ना कुणाच्या घरी. कोरोनानं दोघांना एका ओट्यावर बांधून घातलं.

जेवण झालं की रमी. हे पानं लपवतात. मी धरते. हे नाकबूल करतात. गावात एसटीचे हिंदुराव म्हणजे सरळ माणूस म्हणून प्रसिद्ध!

२० ऑगस्ट

बाहेरच्या जिल्ह्यांची एसटी सुरू झाली. हे सकाळपासून फाट्यावर जाऊन उभे. गाडी थांबली, ड्रायव्हरनं ओळखलं, "या की आबा, चला" म्हणाला. हे चढले नाहीत. घरी येऊन म्हणाले, "चालवतोय बरा. गिअर उशिरा टाकतोय."

२ नोव्हेंबर

ऊसतोडीची टोळी आली. बीडकडची माणसं. कालव्याच्या कडेला राहायला पाचटाच्या कोप्या उभ्या केल्या. मोहनतात्यांच्या उसाला पहिली तोड.

दुपारी त्यांच्या बायका घागरी घेऊन टाकीवर गेल्या तर तिथल्या माणसानं नळच बंद केला. "बाहेरची माणसं, कोरोना आणताल, जावा कालव्यावर." कालव्याचं पाणी लहान लेकरांना पाजायचं? मला राहवलं नाही. आपल्या बोअरची मोटर चालू केली आणि पाइप कुंपणाबाहेर टाकला. "भरा गं," म्हटलं. भरल्या.

संध्याकाळी तात्या स्वतः हजर. सरपंच होते, आता पंचायतीची मुदत संपलीय, प्रशासक नावाला आहे, कारभार तात्यांचाच.

"बाई, तुमी पेपर वाचत न्हाय का?"

"वाचते. तोडकऱ्यांना पाणी देऊ नका असं कुठं छापलंय ते दाखवा."

"गावाच्या काळजीपोटी सांगतोय."

"तुमचाच ऊस तोडायला आलीत ना ती? मग उसाला चालतात आणि नळाला चालत नाहीत?"

गेले. हे म्हणाले, "कशाला नादाला लागतीस?" मी म्हटलं, नादाला ते लागलेत.

१० नोव्हेंबर

ओट्यावर वर्ग सुरू केला! शाळा मार्चपासून बंद. मास्तर मोबाईलवर अभ्यास पाठवतात. ज्यांच्याकडं मोबाईल नाही त्यांनी काय करायचं? ज्यांच्याकडं आहे ती पोरं तरी कुठं शिकतायत — शेजारच्या मनिषाचा मुलगा रेंजसाठी म्हणून टाकीवर चढतो आणि वर बसून गेम खेळतो. दुसरीतली पोर आज मला तिचं नाव लिहून दाखवेना. विसरली!

अंगणात खडूनं गोल काढलेत, लांब लांब. एका गोलात एक मूल. मास्क. हात धुवायला बादली. नियमात बसत नाही हे मला ठाऊक आहे. पण तात्यांच्या पुतण्याच्या हळदीला परवा अख्खं गाव एकमेकांच्या खांद्यावर नाचत होतं, ते कुठल्या नियमात बसतं?

ह्यांनी मुकाट्यानं आपली खाट परसात नेली. दुपारच्या झोपेचं वाटोळं झालं म्हणतात.

१३ नोव्हेंबर

तोडकऱ्यांच्या दोन मुली कुंपणाशी उभ्या होत्या. कडेवर धाकटी भावंडं. आत बोलावलं. आणखी दोन गोल काढले.

१७ नोव्हेंबर

आज निम्मे गोल रिकामे. मनिषा सांगत आली, "बाई, बायका म्हणत्यात तोडकऱ्यांच्या पोरांशेजारी आमची पोरं न्हाय बसवणार." मी विचारलं, तुझं काय? म्हणाली, "मला तुमीच शिकवलंय. माझा यीलच. न्हाय आला तर बडवीन."

दोन मुली, मनिषाचा मुलगा आणि दुसरीतली ती विसरभोळी. एवढ्यांनाच शिकवलं. आवाज मुद्दाम चढवला. रस्त्यापर्यंत गेला पाहिजे!

२० नोव्हेंबर

तात्या पुन्हा. ह्या खेपेला सोबत चार माणसं. वर्ग चालू असताना.

"बाई, गावानं ठरवलंय, हे बंद करा."

"गावानं म्हणजे कुणी?"

"गावानं म्हणजे गावानं."

"मग मी कुठल्या गावात राहते? मला कुणी विचारलं नाही."

"ते पंचायतीत बसणारी माणसं ठरवत असत्यात, बाई."

"असं होय! मग मीही येते बसायला."

तात्या हसले. बरोबरची चौघंही हसली. लेकरं बघत होती. मी फळ्याकडं वळले आणि पुढचं वाक्य लिहिलं. अक्षर नीट आलं.

११ डिसेंबर

निवडणूक लागली. आमच्या वॉर्डात बाईची एक जागा. चहा घेताना ह्यांना सांगितलं, "मी उभी राहणार."

हे बशीत फुंकर मारत होते. म्हणाले, "ऱ्हा की." बस एवढंच. चाळीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला जास्त बोलायची सवय नसते.

३० डिसेंबर

इंदापूरला जाऊन अर्ज भरला. शेवटचा दिवस, जत्रेसारखी गर्दी. ह्यांनी मोटारसायकलवर नेलं, आणलं, दिवसभर झाडाखाली गाडीजवळ उभे राहिले. येताना भिगवणची मच्छी खाऊ म्हणाले, मी म्हटलं उशीर होईल, तोडकऱ्यांच्या मुली शिकायला यायच्यात. तिथून एक शब्द बोलले नाहीत. वाऱ्यानं ऐकू येत नसेल.

३ जानेवारी २०२१

काय दिवस! लिहून ठेवते.

तात्या आले. गावातली वडीलधारी सगळी सोबत. सतरंजी टाकली, चहा केला. गूळ-शेंगदाणे ठेवले. पाहुण्याला पाहुण्यासारखंच वागवायचं.

"बाई, सगळं जुळलंय. सगळ्या जागा बिनविरोध. तुमचा तेवढा एक अर्ज ऱ्हायलाय. मागं घ्या. गावाचं नाव हुईल."

"माझ्यासमोर कोण आहे?"

"आमची सून. राजलक्ष्मी. शिकलेली हाय."

"तिला काय वाटतं?"

"तिला काय वाटायचं? घरातलीच हाय."

कुणी म्हणालं, तुमाला शाळेच्या समितीवर घेतो. कुणी म्हणालं, या वयात कशाला ताप? कुणी म्हणालं, भांडणं लागतील, गाव फुटेल. मी म्हटलं, "मतं दिल्यानं गाव फुटत असेल तर ते आधीच फुटलेलं आहे. मी मागं घेणार नाही."

मग तात्या ह्यांच्याकडं वळले. "हिंदुराव, तुमी तरी सांगा की. नवरा हाय तुमी."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. जमिनीकडं बघत म्हणाले, "तिचं तिला कळतंय."

असा अभिमान वाटला मला! लग्नानंतर एवढा कधी वाटला नव्हता. सगळे उठून गेले. शेंगदाणे तसेच राहिले.

दीपकचा फोन आला. त्यालाही कुणी तरी लावलाच होता. "आई, आजूबाजूला माणसं मरतायत आणि तू दारोदार फिरणार?" म्हटलं, मास्क लावून फिरते. म्हणाला, "बाबांचा विचार कर." म्हटलं, बाबा माझ्या बाजूनं आहेत. विचार त्यांना.

४ जानेवारी

अर्ज मागं घेतला नाही. चिन्ह मिळालं, कपबशी.

९ जानेवारी

पाय दुखतायत. मी आणि मनिषा, दोघीच फिरतो. ना गाडी, ना स्पीकर. सगळ्या बायका तोंडावर "तुमालाच बाई" म्हणतात. खरं किती, देव जाणे.

कुशाबाईंच्या घरी गेले. ऐकू कमी येतं, मोठ्यानं सांगितलं. म्हणाल्या, "तुमी माझ्या पोराला लई मारलं हुतं." म्हटलं, हो, मारलं होतं. "मास्तर झालाय त्यो आता. कपबशी म्हंजी कितवं बटण?"

तात्यांच्या घरीही गेले. का नाही जायचं? मतदार आहेत ते! राजलक्ष्मी एकटीच होती. पाणी दिलं. हळूच म्हणाली, "बाई, मला विचारलंच न्हाय कुणी. फोटो काढला आन् सही घेतली." म्हटलं, निवडून आलीस तर गप्प बसू नकोस, आणि पडलीस तरी बसू नकोस. निघताना वाकून पाया पडली. उमेदवार उमेदवाराच्या पाया!

घरी आले तर ह्यांनी पिठलं करून झाकून ठेवलेलं. "जेवलात?" "केव्हाच." भिंतीकडं तोंड करून पडले होते. झोप नव्हती लागलेली, मला कळतं ते. पण मीच इतकी दमले होते की ताट घेऊन तिथंच भिंतीला टेकले.

१२ जानेवारी

वर्गात आज सगळे गोल भरले! बायकांनी पोरं परत पाठवली. कारण विचारलं नाही.

१५ जानेवारी, शुक्रवार

मतदान. माझ्याच जुन्या वर्गात मशीन ठेवलेलं. फळ्यावर नजर गेली आणि उगाच डोळे भरले.

हे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून रांगेत, माझ्या बरोबर मागं. बाहेर आल्यावर शाई लावलेलं बोट धरलं मी त्यांचं. "दाबलं का?" "दाबलं."

तात्यांची माणसं गाड्यांतून म्हाताऱ्यांना आणत होती. आणा! आत गेल्यावर कोण कुणाचं असतं?

१८ जानेवारी

इंदापूर. मतमोजणी.

दोघींना सारखीच मतं! पुन्हा मोजली. पुन्हा सारखी. साहेब म्हणाले, चिठ्ठी टाकावी लागेल. तात्यांनी घाम पुसला. मी राजलक्ष्मीकडं बघितलं तर ती डोळे मिटून उभी होती. साहेबांनी डब्यात हात घातला, चिठ्ठी उघडली आणि माझं नाव वाचलं. शकुंतला हिंदुराव — पूर्ण आडनावासकट, मोठ्यानं!

मनिषा रडायलाच लागली. मी नाही रडले. तात्यांजवळ गेले आणि म्हटलं, "टाकीचा नळ तोडकऱ्यांनाही सोडायचा, पहिल्या बैठकीत मांडणार आहे. आधीच सांगून ठेवते." तात्या म्हणाले, "मांडा." हसले नाहीत.

गावात गुलाल. तोडकऱ्यांना इथं मत नाही, तरी त्यांच्या बायका उसाच्या वाढ्यांचा हिरवागार भारा घेऊन आल्या, आमच्या म्हशीला. माझ्या कपाळाला गुलाल लावला. हे गोठ्याच्या दाराशी उभे होते. म्हशीला वैरण टाकत होते. मी हाक मारली तर म्हणाले, "आलो." आले नाहीत.

१९ जानेवारी

सकाळी चहाला बसलो. ह्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "शकू, मी तुला मत दिलं न्हाय. कुणालाच न्हाय. त्ये शेवटचं बटण दाबलं."

ह्या एका मतानं चिठ्ठीची वेळच आली नसती. का, विचारलं.

"नोकरीत तू मला घावलीच न्हाईस. आता कुठं घावली हुतीस. पडली असतीस तर ऱ्हायली असतीस घरात."

तात्यांना तोंडावर बोलले, साहेबांपुढं उभी राहिले. ह्यांच्यापुढची मात्र नुसती बशी उचलली आणि आत आले. अजून ओट्यावरच बसलेत, मान खाली घालून. जेवायला हाक मारते आता. शेजारीच बसणार आहे.

पण उद्या निवडून आलेल्यांना तालुक्याला बोलावलंय. मी जाणार.